मुकादम आणि अद्वैत

दसरा सरला की धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतील ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे, आणि काही थेट बेळगाव-बागलकोटकडील साखर कारखान्यांकडे निघतात. तेथे हुकूम कानडीत सुटतो, तो पाळणारे मराठवाडी बोलतात, आणि दोहोंमध्ये दुवा असतो तो मुकादमाचा. मुळात अरबी असलेल्या या शब्दाचा अर्थ ‘पुढे ठेवलेला’. परंतु कोणाच्या वतीने पुढे, धन्याच्या की मजुरांच्या, हा प्रश्न मला केवळ व्यवहाराचा वाटत नाही, धर्माचा वाटतो.

हंगामापूर्वी दिलेली उचल तोडलेल्या टनांतून फिटते आणि हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पहाटेच्या अंधारात तो बुडख्याशी वार करतो, ती मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, मूल कोपीत निजलेले असते. आणि दप्तरात दोघांची नोंद होते ती हत्याराच्या नावाने.

मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईस आहे, ती धारूर-वडवणीच्याच जिल्ह्यातली. त्यांचा मराठीतला अद्वैतपर ग्रंथ ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानतात. ब्रह्मविद्यादेखील लोकांच्या बोलीत सांगितली पाहिजे, असे ज्या परंपरेला आठशे वर्षांपूर्वी वाटले, तिचा अभिमान धरणाऱ्याने मजुराचा हिशेब त्याला न कळणाऱ्या भाषेत ठेवणे, हे मी पापच समजतो. सर्वांभूती एक आत्मा मानणारा मुकादम वजनकाट्यावरची कानडी पावती टोळीला मराठीत वाचून दाखवील, आणि वहीत कोयत्यातल्या त्या बाईचे नाव निराळ्या ओळीवर लिहील.