धाक कोणाला, दिलासा कोणाला

८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतल्या आजच्या कनेक्टिकट राज्यातील एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्‌स या धर्मोपदेशकाने केलेले प्रवचन नरकभयाचा विषय निघाला की आजही आठवले जाते. संतप्त देवाच्या हातात माणूस कसा अधांतरी लोंबतो आहे, हे ऐकताना श्रोत्यांचा आक्रोश इतका वाढला की त्याला बोलणे थांबवावे लागले. त्याआधी सहा वर्षे त्याच्या स्वतःच्या नॉर्थॅम्प्टन गावात जे घडले, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. तिथे धर्मजागृतीची मोठी लाट उसळलेली होती. जून १७३५ मध्ये त्याच्याच मंडळीतल्या जोसेफ हॉली या व्यापाऱ्याने आपल्या आत्म्याच्या गतीची चिंता असह्य होऊन गळा कापून घेतला. हॉली एडवर्ड्‌सच्या मावशीचा नवरा होता. त्यानंतर, ज्यांना कधी विषण्णता माहीत नव्हती अशांनाही ‘तूही तसेच कर’ असे आतून कोणी बजावते आहे असे वाटू लागले. हे एडवर्ड्‌सनेच लिहून ठेवले आहे आणि त्याला ते सैतानाचे काम वाटले. हॉलीच्या घराण्यात विषण्णतेचा विकार होता हेही त्याने नोंदले आहे, त्यामुळे सारा दोष प्रवचनांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण या नोंदीतच माझ्या म्हणण्याचे मूळ आहे. दैवी शिक्षेची भीती सर्वांपर्यंत सारखी पोचत नाही. जो आधीच खचलेला आहे त्याला ती गाठते आणि निर्ढावलेला माणूस तेच प्रवचन ऐकून निवांत घरी जेवायला जातो.

ख्रिस्ती धर्मात दया खरी की शिक्षा, हा वाद साधारणपणे देवाच्या स्वभावाविषयीचा वाद म्हणून मांडला जातो. एक बाजू उधळ्या पुत्राची कथा पुढे करते, तर दुसरी न विझणाऱ्या अग्नीची वचने काढते. दोन्ही गोष्टी शुभवर्तमानांत आहेत, त्यामुळे वचनांची अशी देवाणघेवाण कधीच संपत नाही. मला वाटते, प्रश्न वेगळ्या रीतीने विचारायला हवा: येशूने धमकी कोणाला दिली आणि अभय कोणाला? या नजरेने वाचले तर चित्र कमालीचे स्पष्ट होते. नरकाच्या ज्वाळेत तळमळतो तो दाराशी पडलेल्या लाजाराकडे ढुंकूनही न पाहिलेला श्रीमंत. गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेले परवडले असे ज्याच्याविषयी म्हटले आहे, तो लहानग्यांना अडखळवणारा. राजाने ज्याचे अफाट कर्ज माफ केले आणि ज्याने बाहेर पडताच किरकोळ देण्यासाठी सोबतीच्या चाकराची नरडी धरली, त्याला पीडा देणाऱ्यांच्या हाती सोपवले जाते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायनिवाड्यात तर श्रद्धा, उपास, शुद्धता यांची चौकशीच नाही. भुकेल्याला खाऊ घातले का, उघड्याला वस्त्र दिले का, कैद्याला भेटलात का, एवढेच विचारले जाते. उलट व्यभिचारात धरलेली स्त्री, जकातदार, वधस्तंभावरचा चोर यांच्यापैकी एकालाही तो नरकाची भीती घालत नाही. म्हणजे शिक्षेची भाषा येशूच्या तोंडी आहे हा आक्षेप खराच आहे. पण ती दयेच्या विरुद्ध उभी नाही, दयेच्या बाजूने उभी आहे. तिथे शिक्षा होते ती प्रामुख्याने निर्दयतेला आणि दांभिकतेला.

पुढच्या इतिहासात हे पत्ते उलटसुलट झाले. बाप्तिस्म्याविना मेलेली तान्ही बाळेही, अगदी सौम्य का होईना, दंडाला पात्र ठरतात असे ऑगस्टीनने मानले. पुढे त्यांच्यासाठी ‘लिंबो’ची कल्पना निघाली आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञ आयोगाने म्हणायला २००७ साल उजाडले. रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याने मरणापूर्वी पश्चात्तापाची खूण दाखवली नसेल, तर त्याला धर्मविधीने दफन नाकारलेले होते. गेलेल्याला त्या नियमाने काय होणार? त्याचा घाव बसत होता मागे राहिलेल्या आईवर, बायकोवर, मुलांवर, तेही त्यांना दिलाशाची सर्वाधिक गरज असताना. १९८३ च्या नव्या कायद्यातून ही तरतूद गेली आणि १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगितले. हा बदल ज्यांना शिथिलता वाटतो त्यांनी मार्टिन लूथरकडे पाहावे. १५०५ मध्ये वादळात सापडून मरणभयाने त्याने संन्यासाचा नवस केला. मठात तो आदर्श साधू होता, पापकबुलीला तासन्‌तास बसे, आणि त्या काळाविषयी म्हातारपणी त्याने लिहिले की पाप्यांना शिक्षा करणाऱ्या त्या न्यायी देवाचा आपल्याला द्वेष वाटत होता. भीतीने त्याच्याकडून उपास करून घेतले, जागरणे करून घेतली. जी एक गोष्ट ख्रिस्ती धर्म सर्वांआधी मागतो, देवावर प्रेम, तेवढी मात्र तिला साधली नाही.

यावर व्यवहारी आक्षेप असा की सामान्य माणूस लूथर नसतो, धाक काढून घेतला तर तो मोकाट सुटेल. दया स्वस्त होण्याचा धोका खरा आहे. १९३७ मध्ये नाझी जर्मनीत बसून डीट्रिख बॉनहॉफरने याच स्वस्त कृपेवर कठोर प्रहार केला होता. पण त्याचा उपाय धाक वाढवण्याचा नव्हता. कृपा माणसाचे सगळे आयुष्य मागते, म्हणून ती महाग, असे त्याचे म्हणणे. लूकने सांगितलेली जक्कयाची हकिकत इथे निर्णायक वाटते. लोकांना लुबाडून गबर झालेल्या या मुख्य जकातदाराला येशू एका शब्दानेही दटावत नाही, आज तुझ्या घरी उतरणार आहे एवढेच म्हणतो. जक्कय आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. धाकाने दंड वसूल करता येतो, पण चौपट द्यावेसे वाटणे धाकातून येत नाही. आणि एडवर्ड्‌स? त्याच एडवर्ड्‌सने १७४६ मध्ये धर्मभावनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. खरी भक्ती स्वतःच्या बचावाच्या चिंतेतून उगवत नाही, देवाच्या ठायीचे सौंदर्य पाहून उगवते, असा निष्कर्ष त्यात आहे. नरकाचे अस्तित्व त्याने कधी नाकारले नाही, म्हणूनच या कबुलीला वजन आहे.

सर्वांत जड आक्षेप पीडितांचा आहे. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला ‘देव दयाळू आहे’ हे वाक्य जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे रास्त आहे. २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने उघडकीस आणले की मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले गेले. त्या धर्मगुरूंच्या वाट्याला समजूत, उपचार आणि नवी संधी आली. मुलांच्या वाट्याला आले मौन. दयेचा अतिरेक झाला म्हणून हे घडले असे मी मानत नाही. जात्याच्या तळीचे वचन ज्यांच्यासाठी उच्चारले गेले त्यांनाच अभय मिळाले. दयेचा खरा अर्थ लहानग्याच्या बाजूने उभे राहणे असेल, तर गुन्हेगाराला पोलिसांच्या स्वाधीन करणे ही दयेचीच कृती ठरते. तिथे न्यायाचा धाक असायलाच हवा, आणि तो धर्मगुरूपासून बिशपपर्यंत पोचायला हवा.

मराठी वाचकाला धाक की दया या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडेल. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले आश्रयगृह दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तिथे मायेने सेवा चाललेली होती. ही माणसे असे का करतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. आपल्या मनाची दिशा बदलणारा प्रसंग म्हणून त्यांनी तो पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवला. शास्त्रांत मुरलेल्या या विदुषीला ख्रिस्ताकडे खेचले ते त्या स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीने. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच स्त्रियांसाठी घर उभारले आणि त्याला नाव दिले ‘कृपासदन’. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे धर्मजागरण झाले आणि मुली आपल्या पापांच्या जाणिवेने ओक्साबोक्शी रडल्या, हे खरे आहे. धाकाचे समर्थक त्याकडे बोट दाखवू शकतील. पण त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या. त्या रडल्या तेव्हा त्यांना जेवण, निवारा, अक्षरओळख आणि आई म्हणावे असे माणूस मिळून काही वर्षे झाली होती.