एका मैदानासाठी साठ उमेदवार

मे १९९०. लंडनच्या आग्नेय भागातल्या ग्रिनिच बरोच्या कौन्सिलची निवडणूक होती. जागा बासष्ट. नेहमीचे मोठे पक्ष रिंगणात होतेच, पण त्यांच्या जोडीला मतपत्रिकेवर एक नवं नाव आलं होतं: व्हॅली पार्टी. या पक्षाने साठ जागांवर उमेदवार उभे केले होते आणि त्या साठही जणांची मागणी एकच होती. चार्लटन अॅथलेटिक या फुटबॉल क्लबला त्याच्या जुन्या मैदानावर, ‘द व्हॅली’वर, परत येऊ द्या.

हे मैदान १९१९ साली एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात तयार झालं, आणि त्यासाठी समर्थकांनी स्वतः अंगमेहनत केली होती. १९३८ साली अॅस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्याला तिथे ७५ हजारांवर माणसं जमली होती. पुढे दिवस फिरले. मैदानाच्या काही भागाची मालकी क्लबच्या माजी अध्यक्षाकडे राहिली, पूर्वेकडची उभ्याने बघायची जागा असुरक्षित ठरवून बंद झाली, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये क्लबने बिऱ्हाड हलवलं. समर्थकांना हे कळलं ते एका सामन्याच्या वेळी हातात पडलेल्या पत्रकातून. क्लब दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळू लागला. इकडे व्हॅलीवर रान माजलं.

समर्थक गप्प बसले नाहीत. ‘व्हॉइस ऑफ द व्हॅली’ नावाचं नियतकालिक त्यांनी १९८८ पासून चालवलं. एप्रिल १९८९ मध्ये हातात कोयते आणि फावडी घेऊन लोक मैदानावर उतरले, झाडोरा तोडला आणि त्याची मैदानातच होळी केली. क्लबने परतायची योजना आखली; पण जानेवारी १९९० मध्ये कौन्सिलच्या नियोजन समितीने ती फेटाळली. कारणं सगळीच खोटी नव्हती. मैदानाशेजारच्या रहिवाशांना गर्दीची आणि गाड्यांची धास्ती होती, आणि योजनेत खेळाबरोबर बरंच व्यापारी बांधकामही होतं. समर्थकांना बोचलं ते वेगळंच. आपलं म्हणणं कोणी गांभीर्याने घेतलंच नाही, असं त्यांना वाटलं. फुटबॉलवाले आरडाओरडा करतील आणि घरी जातील, हा समज त्यांनी मतपेटीतून खोडायचं ठरवलं.

तीन महिन्यांत पक्ष उभा राहिला. जाहिरात क्षेत्रातल्या एका समर्थकाने मोठमोठे फलक तयार केले. क्लबच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दोन विद्यमान सदस्यांविरुद्ध उमेदवार दिला नाही. म्हणूनच आकडा बासष्ट न होता साठ झाला. निकालात पक्षाला १४,८३८ मतं पडली, एकूण मतांच्या जवळपास ११ टक्के. जागा मात्र एकही मिळाली नाही. सत्ता मजूर पक्षाकडेच राहिली. पण नियोजन समितीच्या अध्यक्षाची जागा गेली, आणि सत्ताधाऱ्यांना जे कळायचं ते कळलं. १९९१ मध्ये सुधारित योजनेला मंजुरी मिळाली. ५ डिसेंबर १९९२ रोजी व्हॅलीवर पोर्ट्समथविरुद्ध सामना झाला आणि चार्लटनने तो १-० असा जिंकला. काम झालं, पक्ष संपला.

शून्य जागा आणि पूर्ण विजय! या हिशेबाचा विचार कर्जत-खालापूरच्या माणसाने करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे अन्याय झाला की हाताशी येणारं पहिलं हत्यार म्हणजे मतदानावर बहिष्कार. रस्ता नाही, पाणी नाही, तर मत नाही. वेशीवर फलक लागतो, वार्ताहर फोटो घेऊन जातात, मतदानाच्या आदल्या दिवशी तहसील कार्यालयातून कोणीतरी लेखी आश्वासन घेऊन येतं आणि बहिष्कार मागे घेतला जातो. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीतल्या आजारी माणसाला पुन्हा झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. बहिष्कारामागचा संताप खरा असतो. पण बहिष्कार टाकणारा स्वतःच्या हातातली एकमेव मोजता येणारी गोष्ट टाकून देतो. न दिलेलं मत कुणाच्या विरोधात गेलं, हे निकालाच्या कागदावर कुठेच दिसत नाही. व्हॅली पार्टीने संताप मोजता येईल अशा जागी नेऊन ठेवला. कोणत्या प्रभागात किती माणसं या एका प्रश्नावर आपली जुनी निष्ठा सोडायला तयार आहेत, हे दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात लिहून ठेवलेलं होतं.

एकाच प्रश्नावर निवडणूक लढवणं मराठी माणसाला नवं नाही. बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्न हा एकच प्रश्न घेऊन दशकानुदशकं महापालिका लढवली, जिंकली, चालवली. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं आणि महापालिका बरखास्त झाली. २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपकडे गेल्या आणि समितीच्या हाती मोजक्याच उरल्या. समितीने बेळगावच्या मराठी माणसाचा स्वाभिमान जपला, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण राज्याची सीमा ठरवणं महापालिकेच्या हातात नव्हतं. तो अधिकार संसदेचा, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात. मतपेटी एका दाराशी होती आणि निर्णय दुसऱ्याच दारामागे.

वसईकरांना हे दार नेमकं ओळखता आलं. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं तिच्यात ओढायला मोठा विरोध होता. गावं वगळण्याचा अधिकार राज्य सरकारचा, म्हणून लढाई विधानसभेपर्यंत गेली आणि त्याच वर्षी विवेक पंडित अपक्ष आमदार म्हणून निवडून आले. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याची अधिसूचनाही निघाली. पुढे प्रकरण न्यायालयात अडकलं, पण अधिसूचना निघेपर्यंतची वाट मतांनीच काढली होती. आणि आपल्या शेजारच्या पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, मतदान केलं. उमेदवार कोणी नाही, पक्ष नाही, फक्त एक प्रश्न: जमीन द्यायची की नाही? शेतकरी रांगा लावून आले. रायगडच्या माणसाला एकाच प्रश्नावर मत देता येतं, याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता मैदानाकडे येऊ. भाताची कापणी झाली की आपल्याकडची शेतं मैदानं होतात. गावातली पोरं धसकटं उपटतात, बांध थोडा फोडून सपाट करतात, पाणी मारून रोलर फिरवतात. बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, नाहीतर टेनिस क्रिकेटची खेळपट्टी तयार होते. कबड्डी तर अंगणात, देवळासमोरही चालते. मग येतो चषकांचा हंगाम. मांडव, ध्वनिक्षेपक, मंचावर ओळीने खुर्च्या, आणि माणसाच्या कमरेएवढा चषक. त्यावर ज्याचं नाव असतं तोच पुढच्या निवडणुकीत मत मागायला येतो. जर्सी त्याची, बक्षिसाची रक्कम त्याची, ट्रॅक्टरचं डिझेलही त्याचं. खेळायची जमीन मात्र एका शेतकऱ्याची, आणि ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मुंबई-पुण्याच्या मधोमध असण्याची किंमत कर्जत-खालापूर अशी मोजतात. एखाद्या वर्षी कापणीनंतर पोरं जातात तर शेताला दगडी कुंपण घातलेलं असतं, लोखंडी फाटकावर फार्महाऊसचं नाव असतं आणि आत हिरवळ असते, पण ती पाहुण्यांसाठी.

चषक एका हंगामाचा आणि मैदान पिढ्यांचं, हा फरक नेत्यांना चांगला कळतो. चषकाने उपकार होतात आणि उपकार दरवर्षी नव्याने करता येतात. मैदान एकदा सातबाऱ्यावर, विकास आराखड्यावर पक्कं झालं की तो मुलांचा हक्क होतो. त्यासाठी कोणाच्या मंचासमोर उभं राहावं लागत नाही. म्हणून मैदानाचा प्रश्न खेळापुरता राहत नाही. मुलांनी आश्रित म्हणून वाढायचं की नागरिक म्हणून, हा तो प्रश्न आहे.

हा निर्णय कोण घेतं? शहरांपुरतं उत्तर सोपं आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं पालिकेच्या विषयांत आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगर परिषद आपल्या हद्दीपुरती नियोजन प्राधिकरण असते, म्हणजे आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण टाकणं आणि ते टिकवणं तिचंच काम. त्याच कायद्याचं कलम १२७ प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होतं. कोणालाही मैदानाविरुद्ध मत द्यावं लागत नाही, नुसतं स्वस्थ बसलं की पुरतं. असं स्वस्थ बसलेलं कोणाच्या नजरेतही येत नाही. ते नजरेत आणून देण्यासाठी सभागृहात, किंवा निदान मतपत्रिकेवर, एखादा माणूस लागतो.

गावांत गोष्ट अवघड होते. ग्रामपंचायतीकडे नियोजनाचे असे अधिकार नाहीत. जानेवारी २०१३ च्या नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभावित क्षेत्र) अधिसूचनेनंतर रायगडमधल्या कितीतरी गावांचं नियोजन सिडकोकडे गेलं, आणि सिडकोला गावकरी मत देत नाहीत. माथेरानमध्ये तर ई-रिक्षासारखा रोजच्या जगण्याचा प्रश्न पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सनियंत्रण समिती आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे गेला. हातरिक्षा बंद करण्याचा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतून आला. मोठ्या संकुलांत १० टक्के खुली जागा सोडावी लागते खरी, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी असते, शेजारच्या वाडीतल्या मुलांसाठी नव्हे. म्हणून गावात एकप्रश्नी आघाडी करायची तर तिचा प्रश्न ग्रामसभेच्या आवाक्यातला हवा: गावच्या सार्वजनिक जागेपैकी एक तुकडा खेळासाठी राखण्याचा ठराव आणि त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा. तेवढं जरी झालं तरी पुष्कळ.

शिवाय मतदानाची वेळच आली नाही तर सगळंच खुंटतं. महाराष्ट्रातल्या नगर परिषदा काही वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चक्र फिरलं, आणि कर्जत, खोपोली, माथेरानला २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झालं. प्रशासकाच्या काळात आराखड्यावर सही होते, पण त्या सहीचा जाब प्रभागात विचारता येत नाही.

आघाडी करायला कायद्याची आडकाठी नाही. स्थानिक संस्थांच्या सदस्यांच्या अनर्हतेचा १९८६ चा आपला कायदा पक्षांबरोबर ‘आघाडी’लाही मान्यता देतो. आणि प्रभाग एवढे लहान असतात की शे-दोनशे मतांवर पारडं फिरतं. शे-दोनशे मतं म्हणजे दोन-तीन मंडळांची पोरं आणि त्यांचे आईवडील. कोल्हापुरात फुटबॉल संघ तालमींचे आहेत, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात आणि नगरसेवकही त्याच तालमींतून घडतात. संघटना, जिद्द, माणसं सगळं आहे. आपल्याकडच्या मंडळांतही ते आहे. फक्त ते आजवर कोणाच्या तरी प्रचाराला जुंपलं गेलं.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतलेच पाहिजेत. पहिला असा की कातकरी वाडीत घराखालची जमीन नावावर नाही, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, आणि तुम्ही मैदानाचं काय घेऊन बसलात? आक्षेप खरा आहे. म्हणूनच ही पद्धत मैदानाची मक्तेदारी नाही. वाडीने रस्त्यासाठी, घराच्या जागेसाठी बहिष्काराऐवजी स्वतःचा उमेदवार दिला तर मैदानवाल्यांनी तिथे माघार घेऊन त्याच्या मागे उभं राहावं. दुसरा आक्षेप, एकच प्रश्न घेऊन माणूस आंधळा होतो. होतोही, प्रश्न कोणाच्या द्वेषावर उभा असेल तर. म्हणून तीन अटी मी पाळण्यासारख्या मानतो. प्रश्न ज्या संस्थेची निवडणूक आहे तिच्या अधिकारातला हवा. तो सुटला की नाही हे शाळकरी पोरालाही सांगता यावं इतका स्पष्ट हवा. आणि तो सुटला त्या दिवशी आघाडी विसर्जित व्हायला हवी, नाहीतर पाच वर्षांत तीही आपल्या नावाचे चषक वाटू लागेल. चौथी गोष्ट अट म्हणून नव्हे, पाया म्हणून: मैदान मुलींचंही असेल. संध्याकाळी मुली जिथे निर्धास्त खेळू शकत नाहीत ते मैदान अर्ध्याच गावाचं.

या मातीला छोट्या सभागृहाची ताकद ठाऊक आहे. हुतात्मा भाई कोतवाल स्वातंत्र्यलढ्यासाठी रानात उतरण्याआधी माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेले होते, तिचे उपाध्यक्ष होते. गोरगरिबांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या काढणारा हा वकील आधी पालिकेच्या टेबलाशी बसला आणि पुढे सिद्धगडावर हुतात्मा झाला. पालिकेचं राजकारण क्षुद्र मानणं आपल्याला परवडणारं नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीआधी करण्यासारखं काम आज सुरू होतं. आपल्या नगर परिषदेचा विकास आराखडा मागवायचा, त्यातली क्रीडांगणाची सगळी आरक्षणं सर्व्हे नंबरसह उतरवून घ्यायची, कोणत्या आरक्षणाची दहा वर्षं कधी भरतात ते तपासायचं, आणि ती यादी प्रत्येक उमेदवारासमोर ठेवायची. जो लेखी शब्द देईल आणि पाळेल त्याच्याविरुद्ध उभं राहायचं नाही. जो टाळेल त्याच्या प्रभागात आपला माणूस उभा करायचा. तो पडला तरी चालेल. त्याच्या नावापुढचा मतांचा आकडा सभागृहात बसलेल्यांना पाच वर्षं वाचावा लागेल.