हयगयीचे कलम

भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी ७ जून २०१० रोजी युनियन कार्बाइड खटल्याचा निकाल देऊन दोषी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद फर्मावली आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला, तेव्हा या शहरात जो संताप उसळला त्याच्या मुळाशी ही वेदना होती की, सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ज्या कलमाखाली खटला चालविण्यास सांगितले, ते दंडसंहितेचे कलम ३०४-अ, म्हणजे बेदरकारपणे मोटार हाकून कोणाचा प्राण घेणाऱ्यास एरवी लावले जाणारे कलम होते. हजारोंचा संहार आणि रस्त्यावरचा अपघात एकाच मापाने मोजला गेला, ही तक्रार सर्वस्वी न्याय्य होती. परंतु रस्त्यावर हयगयीने गेलेला जीव ही मुळातच हलकी बाब आहे, हे गृहीतही तिच्या पोटात होते, आणि ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच भासली नाही.

मला ते गृहीत मान्य नाही. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळमधील कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो कोणा एकाच्या क्षणिक चुकीने नव्हे. साठा थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी निकामी पडला होता. हयगय ही अशी आगाऊ सिद्ध करून ठेवलेली स्थिती असते. शिरस्त्राण आणि कान यांच्या मध्ये फोन खोचून रोशनपुऱ्याच्या चौकातून जाणारा तरुण, किंवा व्हीआयपी रोडवर तलावाच्या कडेने मोटार हाकताना पुढ्यातील पडद्यावर निरोप वाचणारा गृहस्थ, यांचीही सिद्धता रोजची असते. अनपेक्षित असतो तो केवळ आघाताचा क्षण. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन पडद्याकडे पाहण्याच्या दोन सेकंदांत सुमारे २८ मीटर अंतर कापते, आणि तेवढ्या अंतरात रस्ता ओलांडणाऱ्याच्या दृष्टीने ते वाहन चालकाविनाच धावत असते.

हात मोकळे असले की धोका टळला, ही समजूत तर विशेष घातक होय. टोरांटो येथील ६९९ चालकांच्या अपघातांचा फोनच्या नोंदींशी मेळ घालून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संभाषणाच्या काळात टकरीचा संभव सुमारे चौपट होतो आणि हाती न धरता बोलल्याने त्यात लाभ दिसत नाही, असे आढळले. गुंतते ते चित्त. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली सुधारणा होऊन फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला गेला खरा, परंतु निषेध झाला तो हातात धरलेल्या फोनचा. मनात शिरलेल्या संभाषणाला कायद्याने हात लावला नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेशचा क्रमांक दुसरा लागला. यांतील फोनच्या खात्यावर जमा झालेले मृत्यू काही हजारांच्या पलीकडे जात नाहीत, आणि या अल्पसंख्येवर माझा विश्वास बसत नाही. पंचनाम्यात फुटलेली काच येते, टायरांच्या खुणा येतात. आघातापूर्वी चालकाचे लक्ष कोठे होते, याची खूण रस्त्यावर उमटत नाही, आणि मग सोयीचा म्हणून 'अतिवेग' हा शेरा दफ्तरी दाखल होतो.

चालकांना जबाबदारी शिकवावी, असे सगळेच म्हणतात. वाहन शिकविणाऱ्या संस्था क्लच आणि ब्रेक शिकवितात, परवान्याच्या परीक्षेत चिन्हे विचारली जातात. किल्ली फिरविण्यापूर्वी फोन हाताच्या टप्प्याबाहेर ठेवण्याची सवय मात्र कोणी लावीत नाही. शिवाय हा बोजा एकट्या चालकावर टाकणे अन्यायाचे आहे. घरपोच माल पोहोचविणाऱ्या मुलाचा फोन हीच त्याची रोजी असते. नवी मागणी त्याच पडद्यावर येते आणि वाट तोच पडदा दाखवितो. ज्या व्यापाऱ्याने मिनिटांचे वचन गिऱ्हाइकाला विकले, त्याने अपघाताच्या वेळी नामानिराळे राहावे, हे मला उघड अधर्माचे वाटते. आणि घरच्यांचे काय? 'निघालास का? कुठवर आलास?' हा आपल्या मराठी घरांतील मायेचा प्रश्न आहे; परंतु मुलगा रस्त्यावर आहे हे ठाऊक असूनही तो विचारणारी आई, आणि उत्तर मिळेपर्यंत पुनःपुन्हा घंटी वाजविणारे वडील, त्याच्या चित्तविक्षेपात भागीदार होतात, हे कठोर वाटले तरी सांगितलेच पाहिजे.

दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. हे योग्यच झाले. परंतु शिक्षा वाढली तरी तपासाचा शिरस्ता जुनाच राहिला, तर फौजदारी न्यायालयापुढे येणारी हकीकत अपुरीच राहील. प्रत्येक प्राणघातक अपघातात त्या घटकेच्या फोनच्या नोंदी पंचनाम्याबरोबर मागविण्याची सक्ती व्हावी, आणि चालक कोणाच्या कामावर असल्यास त्या मालकाचाही जबाब घेतला जावा, अशी तजवीज करण्यास आरंभ करायचा तर तो भोपाळनेच करावा; कारण कारखान्याच्या मालकाचा जबाब हाती न येणे म्हणजे काय, हे या शहराइतके कोणी भोगलेले नाही.