शूरांचे भय

मुलांना सांगायच्या गोष्टीत मरण असावे की नसावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आपल्याकडील आजी तो विचारीत बसत नाही. ती श्रावणबाळाला दशरथाचा बाण मारते, अभिमन्यूला चक्रव्यूहात एकटा सोडते, आणि नातवंडांचे डोळे भरून आले की त्यांच्या हातावर चिवड्याची मूठ ठेवते. अमेरिकेतील दूरचित्रवाणीने मात्र एके काळी ‘नसावे’ असे उत्तर देऊन टाकले होते, आणि एका चित्रमालिकेने ते बारा वर्षे निष्ठेने पाळले.

१९६८ साली त्या देशात मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. शनिवारी सकाळी मुले ज्या चित्रमालिका पाहत, त्यांतील हाणामारी पालकांच्या डोळ्यांत सलू लागली. अशा हवेत १९७३ साली हॅना-बार्बेरा या संस्थेने ‘सुपर फ्रेंड्स’ सुरू केली. सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन, वंडर वुमन, अ‍ॅक्वामॅन! डोंगर उचलणारी ही मंडळी. पण कोणाला साधा ठोसा म्हणून मारायची नाहीत. आरंभीच्या गोष्टींत तर धड दुष्टही नसे. असे तो बहुधा वाट चुकलेला एखादा शास्त्रज्ञ, आणि चार शब्द समजावून सांगितले की त्याला पश्चात्ताप होई. या वीरांचे मला हसू येते; त्या पालकांच्या काळजीचे येत नाही.

नावे बदलत, पात्रे वाढवीत ही मालिका १९८५पर्यंत चालली. शेवटच्या वर्षी तिचे नाव होते ‘द सुपर पॉवर्स टीम: गॅलॅक्टिक गार्डियन्स’. ‘सुपर पॉवर्स’ हे नाव केनर कंपनीच्या खेळण्यांचे. म्हणजे मालिका निम्मी बाहुल्यांची जाहिरातच होती. तरीही जे बारा वर्षांत घडले नव्हते, ते या जाहिरातीत घडले. चांगली कामे नेहमी चांगल्या हेतूंच्याच पोटी जन्मतात असे नाही, हे मानायला आपले मन फारसे राजी नसते.

अ‍ॅलन बर्नेट यांनी लिहिलेल्या ‘द फिअर’ या भागात स्केअरक्रो, म्हणजे आपले बुजगावणे, लोकांच्या मनातील भय जागे करतो. तोवर कशालाही न डगमगलेला बॅटमॅन एका बोळाशी येऊन थिजतो. लहानपणी याच बोळात त्याच्या आईबापांचा खून झालेला असतो. चित्रकथांच्या पुस्तकांबाहेर ही हकीकत प्रथमच दाखविली गेली ती इथे. गोळी लागताना दिसत नाही. वीज चमकते, आणि आपण समजतो. बॅटमॅनचा आवाज होता अ‍ॅडम वेस्ट यांचा. १९६६च्या मालिकेत हाच नट तोच वेष चढवून गंभीर चेहऱ्याने विनोद करीत असे. तोच आवाज आता भ्यालेला ऐकू येतो.

तोपर्यंत हे वीर चांगले का आहेत, असे कोणी विचारले नव्हते. ज्याला भय नाही, त्याचे धैर्य कसे मोजायचे? सुपरमॅनने आगीत उडी घेणे आणि आपण न्हाणीघरात शिरणे, यांत नीतीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पण हा माणूस त्या बोळात पुन्हा पाऊल टाकतो, तेव्हा त्याला काहीतरी मोजावे लागते. आणि त्या सकाळी जे पोर पाहत असेल, ज्याच्या घरातले कोणी नुकतेच गेले असेल, त्याचा विचार करा. बारा वर्षे या वीरांपाशी त्याला सांगण्यासारखे काहीच नव्हते. गोष्टींतून मरण वगळल्याने ते त्याच्या घरी यायचे थोडेच थांबले होते? ते आले तेव्हा त्याच्याजवळ शब्द नव्हते, एवढेच झाले.

त्याच वर्षातला दुसरा भाग, ‘द डेथ ऑफ सुपरमॅन’, मला म्हणूनच कमी प्रामाणिक वाटतो. त्यातला शोक खरा आहे. आपण त्याला वाचवू शकलो नाही, या विचाराने तरुण फायरस्टॉर्म पोखरून निघतो. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला ही टोचणी ओळखीची असते. लहान मुलांना तर फारच, कारण आपल्याच एखाद्या खोडीमुळे हे झाले असे त्यांना वाटत असते. त्या टोचणीला इतके अचूक हात घालून लेखक मग माघार घेतो. सूर्याकडे सोडलेल्या शवपेटीतला सुपरमॅन मेलेलाच नसतो! सगळे हसतात, आणि फायरस्टॉर्मच्या अपराधी मनाचे उत्तर द्यायचे राहून जाते. बॅटमॅनचे आईबाप मात्र परत आले नाहीत. या दोन्ही गोष्टी पाहून एखाद्या मुलाने ‘मग माझे बाबा का येत नाहीत?’ असे विचारलेच, तर त्याच्याशेजारी बसून कोणत्या गोष्टीविषयी बोलता येईल?