निर्भय मन आणि निष्ठुर मन

चुडावा येथें उपासना संपल्यावर एका तरुण बंधूनें मला विचारिलें, "पाळकसाहेब, ज्यास दुसऱ्याच्या दुःखाचें कांहींच वाटत नाहीं, अशा मनुष्याचा स्वभाव कधीं गुण ठरूं शकेल काय?" केव्हिन डटन ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या २०१२ सालच्या पुस्तकाविषयीं त्यानें वाचिलें होतें. ज्यांस सायकोपॅथ म्हणतात, म्हणजे ज्यांच्या मनास भय, पश्चात्ताप व करुणा ह्यांचा स्पर्श फार थोडा होतो, त्यांच्या अंगचे कांहीं विशेष जगांत उपयोगीं पडतात, असें डटन ह्यांचें म्हणणें. त्यांनीं लोकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. हे विशेष ज्या धंद्यांत अधिक आढळले, त्यांच्या यादींत शस्त्रवैद्य पांचवे आले. आणि आठवे कोण? धर्मोपदेशक! तो तरुण हंसला. मलाहि हंसूं आलें. पण तें घरीं पोहोंचेपर्यंत टिकलें नाहीं.

कारण मागील वर्षीं जवळच्याच एका खेड्यांत एका शेतकऱ्यानें आपला जीव दिला, त्याच्या घरीं मी गेलों होतों. त्याच्या विधवेपुढें मी न अडखळतां बोललों, प्रार्थना केली. आणि प्रार्थना चालू असतांच परतीची गाडी किती वाजतां आहे, हा विचार माझ्या मनांत घोळत होता. बाहेर लोक म्हणाले, "पाळकसाहेब किती खंबीर!" वाचकहो, नांगर धरून हाताला घट्टे पडतात, तसे ते मनालाहि पडतात. पण घट्ट्यास खंबीरपणा म्हणावें काय?

शस्त्रवैद्याचा हात थरथरला तर रोगी दगावेल, हें खरें. परंतु काम होईपर्यंत आंवरून धरिलेली करुणा निराळी आणि मुळांत नसलेली करुणा निराळी. पहिल्या प्रकारचा वैद्य रात्रीं कंदील घेऊन रोग्याची खाट पुन्हा पाहावयास येतो.

पुण्यांत जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या काळांत राजेंद्र जक्कल व त्याचे सोबती ह्यांनीं दहा जणांचे खून केले. म्हातारीं माणसें व स्त्रिया ह्यांसहि सोडिलें नाहीं. १९८३ सालीं चौघांस येरवड्यास फांशी झाली. मी त्यांच्यावर वैद्यकी शिक्का मारीत नाहीं. पण एका घरांतील आकांत ऐकून पुन्हा दुसऱ्या घराची कडी वाजवावयाची, ह्यालाहि धिटाई लागतेच. आणि त्या धिटाईस गुण म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटला नाहीं. उलट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईस गिरगांव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे ह्यांनीं कसाबची बंदूक धरून ठेविली आणि गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या. त्यांच्या हातीं एक लाठी होती.

अमेरिकेंतील अबिगेल मार्श व त्यांचे सहकारी ह्यांनीं अनोळखी मनुष्यास आपलें मूत्रपिंड देणाऱ्या १९ जणांचे मेंदू तपासले, व २०१४ सालीं त्याचा वृत्तांत छापला. भ्यालेला चेहरा पाहून मेंदूचा जो भाग जागा होतो, तो ह्या दात्यांत अधिक मोठा व अधिक तत्पर आढळला. सायकोपॅथांत तोच भाग मंद असतो.

म्हणून त्या तरुणास मी म्हणालों कीं, भय कमी असणें कामीं येईल, कळवळा नसणें कधींच नाहीं. एखादें मूल उपजतच थंड मनाचें असतें. त्यास राक्षस म्हणूं नये. प्रेमळ संगोपनानें अशा मुलांचा निष्ठुरपणा कमी होऊं शकतो, असें अभ्यासकांस आढळलें आहे. असा मुलगा उद्यां विहिरींत पडलेल्यास काढावयास सर्वांआधीं उतरेल. पण "कोणी तरी बुडत आहे" अशी हांक मारणारा तेथें दुसरा कोणी लागेल.

त्या विधवा बहिणीकडे येत्या गुरुवारीं पुन्हा जाणार आहें. ह्या खेपेस परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेविली नाहीं.