शेवटचा हक्कदार

सामायिक वस्तूचा वापर सुरक्षित राखणे आणि त्या वस्तूचा अंत सुरक्षित राखणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत, ही गोष्ट कर्नलच्या कारभारात फार सावकाश स्पष्ट होत गेली. १९९६ साली लिनक्सची २.० ही आवृत्ती एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालू लागली, तेव्हा सारा बंदोबस्त ‘बिग कर्नल लॉक’ या एकाच लॉकवर सोपविलेला होता. कर्नलमध्ये एका वेळी एकाच प्रोसेसरचा अंमल चाले, आणि म्हणून एक ड्रायव्हर आपली वस्तू मुक्त करीत असता दुसरे कोणी तिला हात घालील, ही धास्ती बाळगण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु या निश्चिंतीपायी उरलेल्या प्रोसेसरांना तिष्ठत राहावे लागे. त्यामुळे ते लॉक तुकड्यातुकड्याने उठविले गेले आणि २०११ साली २.६.३९ या आवृत्तीत समूळ गेले.

त्याच्या जागी प्रत्येक वस्तूच्या पोटात तिचे स्वतःचे लॉक ठेवण्याचा प्रघात रूढ झाला, आणि खरा पेच तेथेच उत्पन्न झाला. कारण जे लॉक वस्तूबरोबरच नष्ट व्हायचे, ते तिच्या अंताची राखण कशी करणार? हक्कदारांची मोजदाद ठेवावी आणि शेवटचा हक्कदार गेला की वस्तू मुक्त करावी, ही कल्पना जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० सालीच, याद्यांच्या मेमरीसंदर्भात, मांडली होती. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००४ साली ‘केरेफ’ या लहानशा रचनेच्या रूपाने ती ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हाती दिली.

तथापि मोजदादीनेही सारे भागत नाही. एखादे यूएसबी उपकरण कोणी उपसून काढले आहे, आणि त्याच क्षणी एक प्रोसेसर ड्रायव्हरच्या यादीत त्याची वस्तू शोधीत आहे, असे समजा. त्याला पॉइंटर सापडतो. मोजणी १ आहे. तो ती २ करणार, इतक्यात दुसरा प्रोसेसर तीच मोजणी शून्यावर आणून मेमरी परत करतो, आणि पहिला आपली नोंद परक्या मेमरीत करून मोकळा होतो. मोजणीची प्रत्येक क्रिया अविभाज्य असूनही हा अनर्थ घडतो, कारण दोष मोजणीत नसून पॉइंटर सापडणे आणि हक्क नोंदविणे यांमधील अंतरात आहे. ते अंतर राखणारे लॉक वस्तूच्या बाहेर, म्हणजे यादीपाशीच, असावे लागते. शोध, हक्काची नोंद आणि यादीतून अंतिम उच्चाटन ही तिन्ही त्याच्याच छत्राखाली व्हावी लागतात.

पॉल मॅकेनी आणि त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली ‘आरसीयू’ ही पद्धत २००२ साली लिनक्समध्ये आली, आणि तिने या विचाराला विलक्षण वळण दिले: वाचणाऱ्याने लॉक घेऊच नये, मुक्त करणाऱ्यानेच पूर्वीचे सारे वाचक बाहेर पडेपर्यंत थांबावे. तिथेही सापडलेली वस्तू हाती ठेवायची असेल तर मोजणी शून्य नसेल तरच वाढवावी लागते. ही योजना बुद्धीला मोहविणारी आहे, हे मी आदराने मान्य करतो. परंतु उपकरण उघडणे आणि बंद करणे यांसारख्या विरळ प्रसंगांसाठी तिचा आश्रय घेणे मला अनाठायी वाटते, तेथे साधा म्युटेक्स पुरतो.

म्हणून नव्याने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, लॉकचा प्रकार मुक्रर करण्यापूर्वी त्या पॉइंटरपर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोचता येते त्यांची यादी कागदावर उतरवावी, आणि त्यांतील शेवटची वाट बंद झाल्याची खातरजमा होईपर्यंत मेमरी परत करू नये.