वादळ वळू दे, पण कुठे?



परवा बातम्यांत कमी दाबाच्या पट्ट्याचा नकाशा दिसला आणि घरात पुन्हा हुदहुदचा विषय निघाला. ऑक्टोबर 2014. आमच्या वन्सं तेव्हा विशाखापट्टणमला होत्या. इकडे काचीगुड्यात आम्ही तीन दिवस तेलुगू चॅनेलपुढून हललो नाही. नकाशावर तो पांढरा भोवरा गरगरत पुढे सरकायचा. नाव मात्र तुरेवाल्या गोड पक्ष्याचं, ओमानने सुचवलेलं.

सुरुवातीचा अंदाज होता, विशाखापट्टणम ते गोपाळपूर यांच्या दरम्यान कुठेतरी. सासूबाईंनी समई लावली आणि आम्ही सगळ्यांनी एकच धोशा लावला, "देवा, जरा वर सरकू दे." तेवढ्यात धाकटा म्हणाला, "वर म्हणजे गोपाळपूरच ना? मागच्या वर्षी फायलिन तिथेच आलं होतं." खरंच, 12 ऑक्टोबर 2013 ला. त्यावर आमच्याच तोंडून निघालं, "त्यांना सवय आहे."

हे वाक्य अजून टोचतं. आपल्या माणसासाठी जीव तुटणं यात पाप नाही, आईचा हात आधी आपल्याच लेकराकडे जातो. पण आम्ही नुसतं रक्षण मागत नव्हतो, संकटाला दुसऱ्याचा पत्ता देत होतो. दर गुरुवारी 'सर्वांचं भलं होवो' म्हणणारे आम्हीच! आणि वारं कुठे आमचं ऐकणार होतं? त्यापेक्षा 'किनारा सोडा, निवाऱ्यात जा' असं घसा बसेपर्यंत सांगणाऱ्या त्या निवेदकांचं बोलणंच जास्त कामाचं होतं. ते ऐकून माणसं तरी हलत होती.

12 तारखेला, रविवारी दुपारी वादळ विशाखापट्टणमलाच धडकलं. ताशी 180 किलोमीटरचे वारे, हवामान खात्याचं तिथलं रडारसुद्धा निकामी झालं. फोन बंद. तिसऱ्या दिवशी वन्संचा आवाज आला, "खिडक्या गेल्या, दूध मिळत नाही, बाकी बरे आहोत." आम्ही रडलो, पेढे आणले, टीव्ही बंद केला.

त्याच वादळाचा उरलेला जोर नेपाळात पोहोचला. 14 तारखेला अन्नपूर्णेच्या बाजूला बर्फ कोसळून कितीतरी गिर्यारोहक आणि वाटाडे गेले. ते आम्ही दोन दिवसांनी पेपरात वाचलं. तोवर आमच्यापुरतं वादळ संपलं होतं!

आता सासूबाई नाहीत. नकाशा दिसला की समई आम्ही लावतो, पण शब्द कोणते म्हणावेत ते अजून नीट जमत नाही. या गुरुवारी सत्संगात विचारणार आहोत. अशा वेळी तुम्ही काय मागता, ग्रुपवर जरूर लिहा.